पाण्याचा ताळेबंद ४६४ टीसीएम (हजार घनमीटर) शिल्लक दाखवतो, पण फेब्रुवारीअखेर विहिरी तळाला. हिशोबात कुठे चुकतंय?

माळरान_सोलापूर

नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यातल्या एका गावाचा पाण्याचा ताळेबंद करतोय. क्षेत्र १२०० हेक्टर. ओढ्याच्या अंगाला खोल काळी जमीन आणि वरच्या बाजूला साधारण ३०० हेक्टर मुरमाड माळ. उजनीचा कालवा गावाला लागत नाही. सगळी मदार पावसावर आणि विहिरींवर.

जमेची बाजू अशी मांडली आहे. पाऊस ५५० मिमी, म्हणजे १२०० हेक्टरवर ६६०० टीसीएम. त्याच्या १५ टक्के अपधाव ९९०, १३ टक्के जमिनीत मुरणारं ८५८. एकूण उपलब्ध १८४८.

खर्च: ऊस २५ हेक्टर ५५०, डाळिंब ६० हेक्टर (ठिबकवर) ४२०, कांदा ४० हेक्टर २४०, रब्बी ज्वारीच्या १५० हेक्टरला ६ सेंमीचं एक संरक्षित पाणी ९०, माणसं आणि जनावरं ८४. एकूण १३८४. शिल्लक ४६४.

प्रत्यक्षात फेब्रुवारी संपता संपता निम्म्याहून जास्त विहिरींचा तळ दिसतो. गावात एक पाझर तलाव आणि दोन सिमेंट बंधारे आहेत, तिन्हींची मिळून क्षमता १४० टीसीएम. १२ विहिरींची पातळी मोजली आहे: मे महिन्यात सरासरी १०.६ मीटर खोल, ऑक्टोबरच्या मध्याला ८.० मीटर. खरिपातला उपसा अंदाजे ८० टीसीएम.

मुरण्याचे टक्के किती धरायचे, अपधाव कोणत्या पद्धतीने काढायचा आणि विहिरींच्या मोजणीवरून हे पडताळता येतं का, एवढं सांगा.

---

सीनाकाठ

पहिली गडबड जमेच्या पहिल्याच ओळीत आहे. अपधाव म्हणजे गावातून वाहून जाणारं पाणी. ते गावाच्या खात्यावर तेव्हाच जमा होतं जेव्हा ते अडवायला जागा असते. तुमच्याकडे जागा १४० टीसीएमची आहे आणि जमा धरलेत ९९०. उरलेलं सीनेतून भीमेला गेलं, त्यावर गावाचा हक्क कागदावरच.

१४० सुद्धा जसेच्या तसे धरू नका. आपल्याकडे पाऊस जून–जुलैत तुटक पडतो आणि खरा जोर सप्टेंबरात असतो, त्यामुळे तलाव वर्षातून एकदा पूर्ण आणि एकदा अर्धवट भरला तरी चांगलं म्हणायचं. दीड वेळा भरला असं धरलं तर २१० टीसीएम. भूजल अंदाज समितीच्या २०१५ च्या कार्यपद्धतीत अशा कामांतून साठ्याच्या ४० टक्के पाणी मुरतं असं धरतात, निम्मं पावसाळ्यात आणि निम्मं नंतर. म्हणजे ८४ टीसीएम: ४२ पावसाळ्यात, ४२ त्यानंतर. बाकीचं उन्हाने जातं, गाळात अडकतं, सांडव्यावरून पुढे जातं. तळात गाळाचा हातभर थर बसला असेल तर ४० टक्केही येणार नाहीत. मे महिन्यात तलाव कोरडा असताना खड्डा घेऊन गाळाची जाडी बघून घ्या.

तुमचे १५ टक्के बहुधा इंग्लिसच्या सूत्रातून आलेत. दख्खनच्या पठारासाठी १९३० पासून चालत आलेलं हे सूत्र आहे: अपधाव = पाऊस × (पाऊस − १७.८) ÷ २५४, सगळं सेंटिमीटरमध्ये. ५५ सेंमी घातले की ८.०६ सेंमी येतात, म्हणजे १४.७ टक्के. पण हेच सूत्र ४० सेंमीच्या वर्षाला लावून बघा. उत्तर ३.५ सेंमी. पाऊस २७ टक्क्यांनी घटला आणि अपधाव ५७ टक्क्यांनी. म्हणून टक्केवारी एकदा काढून दरवर्षी तीच वापरणं चालत नाही.

त्यात ५५० ही सरासरी आहे. २०२० च्या ऑक्टोबरसारखा एखादा पाऊस सरासरी वर ओढतो, पण त्या पाण्याने पुढच्या वर्षीची ज्वारी भिजत नाही. नियोजनाला ७५ टक्के भरवशाचा, म्हणजे चारपैकी तीन वर्षं तरी पडतोच असा पाऊस घ्या. ३० वर्षांचे आकडे मोठ्याकडून लहानाकडे लावा. ०.७५ × ३१ = २३.२५, म्हणून २३ व्या क्रमांकाच्या वर्षाचा पाऊस घ्यायचा.

---

काळी_माती

वरच्या उत्तरात भर. वार्षिक सूत्र तलावाचा ढोबळ आकार ठरवायला ठीक आहे. एखाद्या वर्षी पाणी किती आलं हे बघायचं असेल तर रोजच्या पावसावरून सीएन (कर्व्ह नंबर, म्हणजे जमिनीवरून पाणी किती वाहतं ते दाखवणारा अंक) पद्धतीने काढा. आपल्या काळ्या जमिनीत फरक किती पडतो ते एका उदाहरणात दिसेल.

एस = २५४०० ÷ सीएन − २५४. अपधाव = (पाऊस − आयए) चा वर्ग ÷ (पाऊस − आयए + एस), सगळं मिमीमध्ये. एस म्हणजे जमीन जास्तीत जास्त किती पाणी धरू शकते ते. आयए म्हणजे वाहायला लागण्याआधी जमीन, पिकं आणि खड्डे गिळतात तेवढं पाणी. मूळ अमेरिकी पद्धतीत ते ०.२ एस धरतात. आपल्याकडे काळ्या जमिनीत ओल मध्यम किंवा जास्त असेल तर ०.१ एस, आणि जमीन कोरडी असेल तर (इतर जमिनींना कोणत्याही ओलीत) ०.३ एस वापरतात. कारण भेगा. उन्हाळ्याने तडकलेल्या काळ्या रानात पहिला पाऊस सरळ भेगांत उतरतो. एकदा माती फुगून भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी आत घ्यायला तयार नसते.

सीएन ८० धरा, एका दिवसात ६० मिमी पाऊस:

मध्यम ओल: एस ६३.५, आयए ६.३५, अपधाव २४.६ मिमी.
कोरडी जमीन: सीएन ६४ पर्यंत उतरतो, आयए जवळपास ४३, अपधाव १.८ मिमी.
चिंब जमीन: सीएन ९० वर, अपधाव ३९ मिमीच्या आसपास.

पाऊस तोच, उत्तरात वीसपटीचा फरक. ओल ठरवायला मागच्या पाच दिवसांचा पाऊस बघतात: पिकाच्या हंगामात साधारण ३५ मिमीच्या आत असेल तर कोरडी, ५३ च्या वर असेल तर चिंब, मधली मध्यम. आणि हे ६० मिमी दहा-दहाने सहा दिवसांत पडले तर मध्यम ओलीतसुद्धा सगळ्यांचा मिळून अपधाव सव्वा मिमीच्या आत राहतो. म्हणून महिन्याची बेरीज सूत्रात घालू नका. हमखास होणारी चूक ही आहे: सप्टेंबरचा १८० मिमी एकदम सूत्रात टाकतात आणि ओढ्याला पूर आलेला कागदावर दाखवतात.

पर्जन्यमापकाबद्दल. महसूल मंडळाचा आकडा तुमच्या शिवाराला लागू पडेलच असं नाही. वळवाचा पाऊस एका शिवारात पडतो आणि बांधापलीकडे धूळ असते. गावात एक साधा मापक बसवा. तोंड जमिनीपासून ३० सेंमी उंच आणि पाण्याच्या पातळीत सरळ. जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या दुप्पट अंतर तरी मोकळं ठेवा. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर बसवू नका, वाऱ्याने पाऊस कमी भरतो. वाचन रोज सकाळी साडेआठला, पाऊस नसेल तर ० लिहायचा, रकाना रिकामा ठेवायचा नाही. मोजपात्र त्याच मापकाचं आहे ना, हे तपासा. १०० चौरस सेंमी तोंडाच्या मापकात १ मिमी म्हणजे १० मिलि, २०० च्या मापकात २० मिलि. पात्रांची अदलाबदल झाली की वर्षभराचा पाऊस निम्मा किंवा दुप्पट होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

---

मांजऱ्या_खडक

भूजलाचं मी घेतो, कारण खरं उत्तर तिथेच आहे.

१३ टक्के हा आकडा पोकळ्यांच्या आणि सांध्यांच्या बेसाल्टसाठी आहे, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. झिजलेल्या बेसाल्टला ७ टक्के. काळ्या पाषाणाला, म्हणजे एकसंध कातळाला, २ टक्केच. अख्ख्या गावाला १३ लावलेत म्हणून ८५८ आले. विहिरींचे कापे (भिंतींत दिसणारे थर) बघा. माळावर मुरुमाखाली मांजऱ्या दिसत असेल तर ३०० हेक्टरला १३ आणि उरलेल्या ९०० हेक्टरला ७ लावा. ५५० मिमी म्हणजे हेक्टरी ५.५ टीसीएम:

३०० × ५.५ × ०.१३ = २१४.५
९०० × ५.५ × ०.०७ = ३४६.५
बेरीज ५६१.

(नियमात वार्षिक सरासरीच्या १० टक्के पाऊस आधी वगळायचा असतो. ढोबळ हिशोबात सोडला आहे, अंतिम कागदात घाला.)

आता विहिरींवरून पडताळणी. तत्त्व सोपं: पातळी वाढली × क्षेत्र × खडकाची पाणी सोडण्याची टक्केवारी. बेसाल्टला ती १ ते ३ टक्के, साधारण २ धरतात. म्हणजे आपल्या खडकात एक मीटर पाणी चढलं तरी प्रत्यक्षात फक्त २० मिमीचा थर साठलेला असतो. तुमच्या १२०० हेक्टरमध्ये एक मीटर = २४० टीसीएम.

तुमची वाढ २.६ मीटर, म्हणजे ६२४. त्यात खरिपाचा उपसा ८० मिळवा (तोही मुरलेल्यातूनच उपसला) आणि बंधारे-तलावाचे पावसाळ्यातले ४२ वजा करा. पावसाने मुरलेलं ६६२. टक्केवारीच्या ५६१ पेक्षा हे १८ टक्के जास्त. दोन पद्धतींत २० टक्क्यांच्या आत फरक असेल तर विहिरींचा आकडा स्वीकारायचा असा नियम आहे. २० च्या वर गेला तर टक्केवारीच्या आकड्याची १.२ पट, खाली गेला तर ०.८ पट घ्यायची. पण १८ हा काठावरचा फरक आहे, म्हणून विचारतो: १२ पैकी किती विहिरी ओढ्याकाठी आहेत?

---

माळरान_सोलापूर

पाच. त्यांची वाढ सरासरी ३.८ मीटर. बाकी सातांची १.७५. ओढ्याकाठचा पट्टा साधारण २०० हेक्टर.

---

मांजऱ्या_खडक

मग साधी सरासरी चालणार नाही. गावाच्या सहाव्या हिस्स्यात पाच विहिरी, आणि त्याच सगळ्यात जास्त चढलेल्या. नकाशावर प्रत्येक विहिरीचं क्षेत्र थिसेन बहुभुजांनी (प्रत्येक जागा तिच्या सगळ्यात जवळच्या विहिरीला) वाटून घ्या. ढोबळ हिशोब असा: (२०० × ३.८ + १००० × १.७५) ÷ १२०० = २.०९, म्हणजे २.१ मीटर.

साठ्यात वाढ ५०४. अधिक ८०, वजा ४२: पावसाने मुरलेलं ५४२. टक्केवारीचे ५६१ आले होते. फरक साडेतीन टक्क्यांच्या आत. हा आकडा धरायला हरकत नाही.

आता खर्च. तुमचे १३८४ अख्ख्या वर्षाचे आहेत आणि त्यात पावसाने परस्पर भागवलेली गरजही आली आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून पुढच्या आठ महिन्यांत विहिरींतून काय काढावं लागतं तेवढंच घ्या. ऊस हेक्टरी १५ टीसीएमने ३७५, डाळिंब ५ ने ३००, कांदा ५.५ ने २२०, ज्वारी ९०, पिण्याचं ५६. एकूण १०४१, महिन्याला सरासरी १३०.

जमा: खडकात ५०४, तलाव-बंधाऱ्यांतून नंतर झिरपणारे ४२. ऊस, कांदा आणि ज्वारीच्या पाटपाण्यातून परत मुरणारं १५ टक्के, म्हणजे १०३. (पाणी १० ते २५ मीटर खोल असताना १५ धरतात, १० च्या आत असेल तर २५. तुमच्या विहिरी हिवाळ्यातच १० च्या खाली जातात. ठिबकचं शून्य.) ओढ्यातून आपोआप निसटणारं ५ टक्के (पावसाचे ५४२ आणि तलाव-बंधाऱ्यांचे ८४ यांच्या) वजा करा, ३१. उरले ६१८.

६१८ ला १३० ने भागा: पावणेपाच महिने. ऑक्टोबरच्या मध्यापासून मोजलं तर मार्चचा पहिला आठवडा. कांदा आणि ज्वारीचा उपसा आधीच्या चार महिन्यांत एकवटतो, म्हणून प्रत्यक्षात फेब्रुवारीअखेरच विहिरी बसतात. तुमच्या विहिरी बरोबर सांगताहेत. ४६४ ची शिल्लक नाही, ४२३ ची तूट आहे, आणि खर्चातले ३७५ एकट्या उसाचे आहेत. गावसभेत हे मांडणं अवघड जाईल, पण आकडा लपवून ताळेबंद करण्यात अर्थ नाही.

ऊस ठिबकवर घेतला की प्रश्न मिटला असंही लिहू नका. हेक्टरी १५ चे १० झाले तर १२५ टीसीएम वाचतात, पण पाटपाण्यातून परत मुरणारे ५६ बंद होतात. निव्वळ बचत ६९. विजेची आणि खताची बचत वेगळी, ती खरी आहे.

दुसरं, आपल्या खडकाची कोठीच लहान आहे. झिजलेला थर भरला की सप्टेंबरात पुढचा पाऊस आत शिरतच नाही, ओढ्याला लागतो. त्यामुळे चांगल्या वर्षीही साठा ठरावीक मर्यादेपलीकडे जात नाही. ‘यंदा दीडपट पाऊस झाला, मार्चनंतरही पाणी पुरेल’ हा अंदाज इथेच फसतो.

---

माळरान_सोलापूर

खूप उपयोग झाला. अजून दोन गोष्टी. विहिरी मोजताना काय पथ्य पाळायचं? आणि गावात अस्तर घातलेली ४० शेततळी आहेत, ती जमेत धरायची का?

---

सीनाकाठ

शेततळी कशाने भरतात त्यावर आहे. माळावरच्या अपधावाने भरत असतील तर जमा. डाळिंबवाल्यांची बहुतेक शेततळी पावसाळ्याअखेर विहिरीतून किंवा बोअरमधून भरतात. ते पाणी आधीच भूजलात मोजलेलं आहे, दुसऱ्यांदा जमा धरू नका. उलट खर्चात एक ओळ वाढवा. ३० × ३० मीटरच्या तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. नोव्हेंबर ते मार्च १५० दिवस, बाष्पपात्राचं वाचन सरासरी ८ मिमी आणि गुणक ०.७ धरला तर ८४० मिमी पाणी उडतं. एका तळ्यामागे ७५० घनमीटरच्या पुढे, ४० तळ्यांचे ३० टीसीएम. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी उपसून उन्हात ठेवायचं, असा तो व्यवहार आहे. अडचणीच्या वेळी हाताशी पाणी राहतं हा शेतकऱ्याचा फायदा खरा, पण गावाच्या खात्यात ती तूटच.

---

काळी_माती

विहिरींच्या मोजणीबद्दल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा चार वेळा मोजते. तुम्हीही त्याच महिन्यांत मोजा, आकडे ताडून बघता येतात. मोजण्याच्या आदल्या संध्याकाळपासून पंप बंद, शेजारच्या विहिरीचाही. मोजायचं पहाटे. कठड्यावर रंगाने एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच टेप सोडा. कठड्याची जमिनीपासूनची उंची वजा करायला विसरू नका, नाहीतर पाऊण-एक मीटरची चूक कायमची बसते. गावकरी खोली परसात सांगतात, ती ऐकून मीटरमध्ये उतरवू नका, टेपच लावा. ओढ्याचं किंवा पाटाचं पाणी थेट आत पडतं अशी विहीर यादीतून काढा. बोअरची पातळी विहिरींच्या सरासरीत मिसळू नका. बोअर गेरूच्या (खडकांमधल्या लाल मातीच्या) थराखालचं पाणी दाखवतो, ते वेगळं खातं.

जमलं तर दोन-तीन विहिरींची भरण चाचणी घ्या. पंपाने पाणी खाली न्या, पंप बंद करा आणि दर अर्ध्या तासाला पातळी लिहा. समजा ६ मीटर व्यासाच्या विहिरीत पाणी स्थिर पातळीच्या ३ मीटर खाली होतं आणि ५ तासांनी १ मीटर खाली राहिलं. (२.३०३ ÷ ५) × लॉग (३ ÷ १) = ताशी ०.२२. त्याला विहिरीच्या तळाचं क्षेत्र २८.३ चौरस मीटर आणि २ मीटरचा उतार (पाणी स्थिर पातळीच्या २ मीटर खाली) यांनी गुणा: ताशी १२.४ घनमीटर. विहिरीची आवक तेवढीच. पंप ताशी २५ घनमीटर ओढत असेल तर तो निम्मं पाणी विहिरीतल्या साठ्यातून ओढतोय, झऱ्यातून नाही. चाचणी ऑक्टोबरात आणि पुन्हा जानेवारीत घ्या. वरचा मांजऱ्या उघडा पडल्यावर आवक एकदम कोसळते, आणि कोणत्या खोलीला कोसळते ते कळलं की त्या विहिरीवर किती कांदा लावायचा हे दिवाळीतच ठरवता येतं.

---

मांजऱ्या_खडक

एक राहिलं. त्या दोन सिमेंट बंधाऱ्यांच्या तळाशी गेरूचा लाल थर लागलाय का बघा. गेरू पाणी खाली जाऊ देत नाही. तसं असेल तर तो बंधारा भरलेला दिसेल, खालच्या विहिरी मात्र हलणार नाहीत, आणि वरचे ४० टक्के त्याला लावू नका. तपासणी सोपी आहे: पाऊस थांबल्यावर आठवडाभर पट्टीवर पातळी वाचा. रोजची घट बाष्पीभवनाएवढीच असेल तर बंधारा मुरत नाहीये.